सरकारनेच ज्वारीचे गिऱ्हाईक व्हावे

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे लातूरला आली. त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापुरात 2025च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीचे पाणी गावांत शिरले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले आणि कित्येक शिवारांतली मातीच खरडून गेली. सरकारने ऑक्टोबरमध्ये 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. दहा वर्षांच्या आत एकाच मुलखाने तहान पाहिली आणि पूरही पाहिला. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही पुन्हा येतील, कदाचित एकाच वर्षात येतील, हे धरूनच आता शेतीचे बोलावे लागेल.

हे पत्र भरपाईविषयी नाही. पूर ओसरल्यावर आणि पंचनामे संपल्यावर शेतकरी पुढच्या हंगामात काय पेरतो आणि त्याच्या घरातली माणसे काय खातात, त्याविषयी आहे. ते आपल्यालाच लिहिण्याचे कारण असे, की या कामाच्या फायली चार खात्यांत विखुरल्या आहेत. शेत कृषी खात्याकडे आहे, रेशन अन्न व नागरी पुरवठ्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासाकडे आणि शाळेतला आहार शिक्षण खात्याकडे. या चौघांना एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार राज्यात एकाच खुर्चीला आहे.

हवामान बदलाला तोंड देणारी शेती महाराष्ट्राला नवी नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावोगावी ज्याला पोकरा म्हणतात, तो 2018 मध्ये जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जावर उभा राहिला. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातले सहा, जळगाव आणि पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा मिळून पाच हजारांहून अधिक गावे त्यात आली. शेततळी झाली, ठिबक आले, अनुदान थेट खात्यावर पडू लागले. बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर पेरलेले सोयाबीन पावसाच्या खंडात तग धरते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते, हे शेतकऱ्यांनी शेतीशाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, उभ्या पिकांना किती लागेल, याचा हिशेब चावडीवर आला. हे मोठे काम आहे आणि ते करणाऱ्या कृषी सहायकांना त्याचे श्रेय मिळायलाच हवे. दुसऱ्या टप्प्यासाठी 21 जिल्ह्यांतली 7,201 गावे निवडली गेली आहेत.

पण त्या ताळेबंदात एक रकाना नाही. गावात पिकलेल्यापैकी गावाच्या ताटात किती आले, हे तिथे कुणी विचारत नाही.

लातूर, धाराशिव, हिंगोली या पट्ट्यात खरीप म्हणजे सोयाबीन. शेतकऱ्याने ते पीक काही खुळेपणाने धरलेले नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा हातात येतो, पेरणीपासून मळणीपर्यंत यंत्र चालते आणि लातूरसारखी बाजारपेठ जवळ आहे. अडचण वेगळीच आहे. सोयाबीन घरात शिजत नाही. ते कारखान्यात जाते, तिथे त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. परतीच्या पावसात शेंगांना कोंब फुटले, की त्या घराकडे विकायला काही उरत नाही आणि खायलाही नाही. पाऊस वेळेवर पडून पीक भरघोस आले तरी सुटका नसते. 2024-25च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारातले सौदे कित्येक दिवस त्याच्या बरेच खाली होत राहिले.

ज्वारीच्या घराची तऱ्हा निराळी होती. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीत साठलेल्या ओलीवर पेरायची, वरून पाऊस आला तर आला. दाणा कणगीत किंवा पेवात, कडबा गोठ्यापुढच्या गंजीत. भाव पडला तरी भाकरी होती आणि जनावरे विकावी लागत नव्हती. 1980च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक रान ज्वारीखाली होते. आज त्याचा तिसरा हिस्सा जेमतेम उरला आहे.

ती का गेली, हे शेतकऱ्याला विचारले तर तो एका दमात सांगतो. ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, मग कणसे मोडायची, मग मळायची. हे कंबरडे मोडणारे काम मुख्यतः बायकांच्या वाट्याचे, आणि त्या कामाला आता मजूर मिळत नाही. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडली, की दाणा काळा पडतो. त्याहून मोठे दुखणे पाखरांचे. सगळे शिवार ज्वारीचे होते तेव्हा पाखरे वाटली जात. आता अख्ख्या शिवारात एकट्यानेच ज्वारी केली, तर सगळे थवे त्याच्याच रानात उतरतात आणि गोफण घेऊन दिवसभर माळ्यावर उभे राहायला घरात माणूस नसतो. म्हणजे एका शेतकऱ्याला एकट्याने ज्वारीकडे वळता येत नाही. वळायचे तर वीस-पंचवीस जणांनी, सलग रानात, एकाच वेळी वळावे लागते. सलग वळण्यासाठी त्यांना आधी खात्री लागते, की हे घेणार कोण?

यातून एक उफराटी स्थिती तयार झाली आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या भाकरीला पुण्या-मुंबईत चांगला भाव येतो, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण जी बाई मंगळवेढ्याच्या रानात ही ज्वारी उपटते, तिला तिच्या मजुरीत ती विकत घेणे जड जाते. रेशनच्या दुकानातून तिच्या पिशवीत पडतो तो गहू आणि तांदूळ. गहू खुल्या बाजारातल्या ज्वारीपेक्षा तिला स्वस्त, किंबहुना फुकट. त्यामुळे ज्वारी पिकवणाऱ्या तालुक्यात भाकरी कमी होत गेली. दुसऱ्या बाजूला खरिपाची संकरित ज्वारी पिकवणारा शेतकरी हमीभावाच्या केंद्राची वाट पाहत बसतो. 2025-26 साठी केंद्राने संकरित ज्वारीला 3,699 आणि मालदांडीला 3,749 रुपये भाव ठरवला आहे. ठरवलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जे अंतर पडते, ते खरेदीच्या काट्यावर पडते.

1972च्या दुष्काळात अमेरिकेतून तांबडी मिलो आली होती. मिलो म्हणजे ज्वारीच. रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि त्या मिलोची भाकरी कशीबशी घशाखाली उतरवली, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्वारीच्या मुलखाला ज्वारीच परदेशातून आणावी लागली, हे त्यांनी पाहिलेले आहे. आज गोदामे भरलेली आहेत आणि तसा दुष्काळ पडला तरी उपासमार होणार नाही, हे खरे. मात्र ती गोदामे पंजाब-हरयाणाच्या गव्हाने आणि धानाने भरतात, आणि तिथली भूजल पातळी दरवर्षी खाली चालली आहे. मराठवाड्याचे पोट इतक्या लांबच्या पाण्यावर किती काळ भरणार?

यासाठी नवा कायदा लागत नाही. 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे तीन दर ठरवले होते. आता हे सारे धान्य मोफत मिळते, पण भरडधान्याची जागा कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. राज्याने भरडधान्य हमीभावाने खरेदी करावे आणि आपल्याच रेशनवर वाटावे, अशी केंद्राची मुभाही आहे. पूर्वी तीन महिन्यांत वाटप संपवण्याची अट होती. 2021 मध्ये केंद्राने ती मुदत ज्वारीसाठी सहा आणि नाचणीसाठी सात महिने केली. महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत काही महिने रेशनवर ज्वारी आलीही. पण चार महिने येऊन पाचव्या महिन्यात गायब होणाऱ्या धान्यावर ना गृहिणी घरचा हिशेब बसवू शकते, ना शेतकरी पेरणीचा.

शेजाऱ्यांनी हे करून दाखवले आहे. कर्नाटक हमीभावाने नाचणी आणि ज्वारी घेते आणि रेशनवर देते, दक्षिणेत नाचणी आणि सोलापूरच्या सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात ज्वारी. ओडिशाने 2017 मध्ये आदिवासी जिल्ह्यांतून भरडधान्याचे अभियान सुरू केले. त्यांनी नुसते बियाणे वाटून काम संपवले नाही. रोपे लावण्याची पद्धत सुधारली, गावात मळणीची आणि साफ करण्याची यंत्रे महिला बचत गटांच्या हाती दिली, तिथल्या आदिवासी विकास सहकारी महामंडळाला खरेदीला उतरवले आणि ती नाचणी रेशनवर आणली. 2020 मध्ये केओंझर जिल्ह्यात अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू सुरू झाले. शेत, यंत्र, खरेदी, दुकान आणि मुलाचे तोंड अशी साखळी त्यांनी एकाच अभियानात जोडली. आपल्याकडेही नाशिकला मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ आहे आणि धान खरेदीचा त्याला अनेक वर्षांचा अनुभव आहे.

मुलाच्या तोंडाशी हा विषय येऊन थांबतो, म्हणूनच तो तातडीचा आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, 25 टक्क्यांहून अधिक मुले लुकडी आढळली आणि 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभर ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपास. ही तुलना आहारतज्ज्ञ गेली कित्येक वर्षे करत आले आहेत.

याहून जवळचा पुरावा खुद्द महाराष्ट्रात आहे. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने निवड करून काढलेला जास्त लोहाचा बाजरीचा वाण 2012 मध्ये धनशक्ती या नावाने राज्यात प्रसारित झाला. अशी जास्त लोहाची बाजरी अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या निवासी शाळांत 12 ते 16 वयाच्या मुलामुलींना भाकरी आणि शेव या रूपात सहा महिने देऊन पाहिली गेली. साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढला. 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. परभणीच्या विद्यापीठाने परभणी शक्ती हा जास्त लोह आणि जस्ताचा ज्वारीचा वाण दिला आहे. राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, असे जमीन पाहून वाण दिले. संशोधकांनी आपले काम केलेले आहे. हे वाण शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत आणि आश्रमशाळेच्या पंगतीपर्यंत नेणे हे प्रशासनाचे काम आहे, आणि ते राहिले आहे.

बियाण्याच्या बाबतीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. शाळा न शिकलेल्या या बाईंनी बाएफ या संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगराच्या पाऊसमानात कोणते भात, कोणती नागली, कोणता वाल तग धरतो, हे ज्ञान त्या बँकेत आहे. सन्मान झाला, ते योग्यच झाले. आता त्या वाणांचे उत्पन्न विकत घेणारे कुणी हवे. नाचणीचा 2025-26चा हमीभाव 4,886 रुपये आहे, साध्या धानाच्या 2,369 रुपयांच्या दुपटीहून अधिक. हा भाव डोंगरातल्या बाईच्या हाती पडायचा, तर काटा तिच्या आठवडे बाजारापर्यंत यायला हवा. वरईचे तर आणखी वेगळे. तिचे टरफल काढायला गावात यंत्र नसेल, तर उखळ-मुसळाच्या धास्तीनेच ती पेरली जात नाही.

धाराशिव-लातूरच्या बायकांनी याचे दुसरे टोक हाती धरले. 1993च्या किल्लारीच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुनर्वसनाच्या कामात गावातल्या बायकांना पुढे आणले. पुढे याच बायका शेतीकडे वळल्या. त्यांनी घरातल्या कर्त्या पुरुषांकडे सगळी शेती मागितली नाही. अर्धा एकर, एक एकर मागितला. त्यात भाजीपाला, कडधान्ये, ज्वारी-बाजरी अशी घरात खाल्ली जाणारी अनेक पिके शेणखतावर आणि कमी पाण्यावर घेतली. आधी घरचे ताट, उरलेले बाजारात. दुष्काळात शेजारच्या रानातले नगदी पीक वाळले, तरी या एका एकराने घराला काही ना काही दिले. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. हवामानाला तोंड देणारी शेती म्हणजे नेमके काय, याचे याहून नेटके उत्तर पोकराच्या गावांत शोधूनही सापडणार नाही. आणि ते ज्यांनी दिले, त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर सातबारा नाही. अनुदानाच्या अर्जाला मात्र सातबारा लागतो.

आता हिशेबाकडे. रेशनच्या हजार लाभार्थ्यांचे एक गाव धरू. माणशी महिन्याच्या पाच किलोंपैकी दोन किलो ज्वारी दिली, तर वर्षाला 240 क्विंटल लागतील. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी आठच क्विंटल पिकेल असे धरले, तरी 30 हेक्टर, म्हणजे 75 एकर रान लागते. बहुतेक गावांच्या शिवारात 75 एकर काढणे अवघड नाही. ते सलग काढले, तर पाखरांचा प्रश्नही बराचसा सुटतो आणि काढणीचे यंत्र आणणे परवडते. सबंध राज्याच्या सुमारे सात कोटी लाभार्थ्यांना हेच लागू करायचे म्हटले, तर वर्षाला जवळपास 17 लाख टन ज्वारी लागेल. राज्यातली सगळी ज्वारी सरकारने उचलली तरी ती पुरताना ओढाताण होईल, आणि खुल्या बाजारातला भाव भडकेल तो वेगळाच. म्हणून हे एका फटक्यात राज्यभर करू नये. पोकराच्या दुसऱ्या टप्प्यातल्या गावांपासून, ज्या जिल्ह्यात जे पिकते ते घेऊन, सुरुवात व्हावी. सोलापूर, बीड, धाराशिवला ज्वारी, अहिल्यानगर आणि नाशिकच्या पठारी भागात बाजरी, अकोले, पेठ, सुरगाणा, जव्हारकडे नाचणी.

गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, त्याच बैठकीत धान्याचा ताळेबंद मांडला जावा. हिवरे बाजार या गावाने पाण्याचा हिशेब घालून उसाला आणि केळीला नाही म्हटले आणि शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले. पाणी पाहून पीक ठरवणारे गाव धान्य पाहूनही पीक ठरवू शकेल. फक्त ठरवल्यावर पिकलेला माल त्याच तालुक्याच्या गोदामात मोजून घेतला जाईल, एवढा शब्द सरकारने द्यायचा आहे.

यात अडचणी आहेत आणि त्या आपल्या अधिकाऱ्यांना पाठ आहेत. बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, कडू पडते. म्हणून ती दाण्याच्या रूपातच द्यावी लागेल आणि दळण गावच्या गिरणीत होईल. ज्वारीला ओल लागली की कीड लागते, त्यामुळे आर्द्रता मोजण्याचे यंत्र आणि कोरडे गोदाम प्रत्येक केंद्रावर हवे. महिला शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट ही खरेदी आणि सफाई करू शकतात. त्यांना खेळते भांडवल लागेल आणि माल उचलल्यावर पंधरा दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर त्या पुढच्या वर्षी उभ्या राहू शकणार नाहीत. पोकराच्या अनुदानात ज्वारी काढणीचे लहान यंत्र आणि वरई-नाचणी साफ करण्याचे यंत्र प्राधान्याने यावे. आणि एक एकरवाल्या बाईला सातबारा नसला तरी ग्रामसभेच्या शिफारशीवर लाभ मिळावा, अशी दुरुस्ती व्हावी. शेवटची मागणी सगळ्यात कमी खर्चाची आहे आणि तिला विरोधही सगळ्यात जास्त होईल. त्या विरोधापुढे ती मागे घेऊ नये, ही आग्रहाची विनंती.

खरेदीचा निर्णय केव्हा निघतो, याला तो निघण्याइतकेच महत्त्व आहे. रब्बीची पेर सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते आणि शेतकरी बियाण्याची जुळवाजुळव पोळ्याच्या आसपास करतो. किती क्विंटल घेणार, कोणत्या गोदामात घेणार आणि काय भावाने घेणार, हे सांगणारा शासन निर्णय ऑगस्टअखेर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर त्याच रब्बीत ज्वारीचे रान वाढलेले दिसेल. तोच निर्णय जानेवारीत निघाला, तर हरभरा पेरून झालेला असेल.

आपला,
मराठवाड्यातील एक नागरिक